फारसी सूफी काव्यातले पशुपक्षी: वाचताना या चुका टाळा

पहिला घोटाळा बुलबुलाचा. नाव ओळखीचं, म्हणून डोळ्यांपुढे येतो तो आपल्या अंगणातला, शेंडीवाला, शेपटीखाली लाल असलेला. इराणी बुलबुल म्हणजे नाइटिंगेल: मातकट, दिसायला साधा, रात्रीही गाणारा. रूप नाही, नुसता गळा आहे. गुलाबापुढचा त्याचा आकांत मग वेगळाच ऐकू येतो. तसाच ‘परवाना’. त्याचं फुलपाखरू करू नका. दिव्यावर झेप घेतो तो पतंग.

‘सीमुर्ग’ या दंतकथेतल्या पक्ष्याला गरुड किंवा फिनिक्स म्हणून मोकळं होणं ही त्याहून महागात पडणारी चूक. निशापूरच्या अत्तार या कवीच्या १२व्या शतकातल्या ‘मंतिक-उत-तैर’ या काव्यात हुदहुद पक्ष्यामागून बाकीचे पक्षी आपल्या राजाच्या, म्हणजे सीमुर्गाच्या, शोधात निघतात. वाटेत सात दऱ्या. शेवटी उरतात फक्त तीस. फारसीत ‘सी’ म्हणजे तीस, ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी (हॉटेलच्या मेनूकार्डातला मुर्ग इथे विसरा). सीमुर्गापुढे उभे राहतात आणि पाहतात तर काय, तिथे तेच: सी मुर्ग! गरुड लिहिलंत की श्लेष मेला, आणि अख्खा शेवट त्या श्लेषावरच उभा आहे. ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्यात ‘झाल’ नावाच्या बाळाला वाढवणाऱ्या सीमुर्गालाही हाच अर्थ सरसकट चिकटवू नका.

रूमीच्या ‘मसनवी’त, पहिल्याच दफ्तरात (म्हणजे खंडात), सिंह, ससा आणि विहीर भेटतात. ‘ही तर आपली पंचतंत्रातली गोष्ट’ म्हणून पान उलटलंत तर फसलात. गोष्ट तीच, ‘कलीला व दिम्ना’ या पंचतंत्राच्या अरबी अवतारामार्गे तिकडे गेलेली. पण रूमी सिंह आणि इतर प्राण्यांत लांबलचक वाद लावून देतो: देवावर भरवसा ठेवून बसावं की हातपाय हलवावेत? सिंह प्रयत्नाच्या बाजूचा. पुढे तर रूमी वाचकालाच विहिरीच्या तळाशी पडलेला सिंह म्हणतो आणि त्याचं रक्त पिणारा नफ्स, म्हणजे आतली वखवख, सशासारखा असल्याचं सांगतो. आपण लहानपणापासून ज्याला शाबासकी देत आलो, तोच ससा!

म्हणूनच ‘कुत्रा म्हणजे नफ्स’ छापाचे तक्ते पाठ करू नका. कुत्रा तसा येतो खरा. पण ‘मसनवी’तच मजनू एका कुत्र्याचे लाड करतो, त्याचे मुके घेतो. कुणीतरी त्याला नावं ठेवतं. मजनू म्हणतो, माझ्या डोळ्यांनी बघ, हा लैलाच्या गल्लीचा राखणदार आहे.