सरकत्या जिन्यावर पाय टाकताना
सरकत्या जिन्यापाशी माणसं अडतात ती बहुतेक वेळा खाली बघत उभं राहिल्यामुळे. सरकणाऱ्या रेघांकडे बघत राहिलं की कुठली पायरी धरायची तेच ठरत नाही. जिन्याचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या चालीच्या निम्म्याहून कमी. तेव्हा थांबू नका. चालत या, आधी कठडा धरा, हात पुढे सरकू लागला की त्याच लयीत पाय पायरीच्या मधोमध टाका. सुरुवातीच्या एक-दोन पायऱ्या सपाटच असतात, त्यामुळे सावरायला वेळ मिळतो. पाऊल दोन पायऱ्यांच्या सांध्यावर पडलं तर पुढची पायरी वर जाताना टाच अधांतरी राहते आणि तोल मागे जातो.

साडीच्या निऱ्या किंचित वर धरा, ओढणी खोचा. कडेचा ब्रश बूट पुसायला नाही (पुसणारे भेटतातच!), बाजूच्या फटीपासून पाय लांब राहावा म्हणून तो असतो. मुलांचे मऊ रबरी क्लॉग (पुढून बंद, भोकाभोकांच्या चपला) त्या फटीतच ओढले जातात. जिन्यावरून बाहेर पडताना टोकाच्या दातेरी पट्टीवर पाय घासू नका, उचलून टाका आणि चार पावलं पुढे जाऊनच थांबा. काही अडकलंच तर टोकाशी लाल बटण असतं. ‘कठडा धरा’ असं ओरडून ते दाबा, कारण जिना झटक्याने थांबतो.