‘रिंग’ आणि ‘सन’ : एमिली डिकिन्सनचा अभ्यास करताना

एम. ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षी मला अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनवर सेमिनार द्यायचा होता. बारा पानं लिहिली, त्यातली नऊ तिच्या आयुष्यावर. पांढरे कपडे, बंद दार, न झालेलं लग्न. वाचून संपल्यावर मॅडमनी विचारलं, “तुला आवडलेल्या कवितेतली एक ओळ म्हण, आणि ती तिथेच का तुटते ते सांग.” ओळ पाठ होती, पण ती का तुटते याचा मी विचारच केला नव्हता. पुढे प्राध्यापकपदासाठीच्या सेट परीक्षेची तयारी करताना आणि आता वर्गात शिकवताना तो प्रश्न मला फार उपयोगी पडला. यंदा ज्यांच्या अभ्यासक्रमात ती आहे त्यांना एकच सांगते : आधी कान लावा, चरित्र नंतर उघडा.

चरित्र टाकून द्या असं मी म्हणत नाही. तिचा जन्म 10 डिसेंबर 1830 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टचा. 15 मे 1886 ला ती गेली तीही तिथेच. वडील वकील आणि कॉलेजचे खजिनदार. माउंट होल्योकच्या शाळेत ती वर्षभरही राहिली नाही. पस्तिशीनंतर तिने घर जवळजवळ सोडलंच नाही. वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळीही ती वरच्या खोलीत दार किलकिलं ठेवून बसली होती. पण हीच बाई ओव्हनमध्ये पाव भाजायची, बाग सांभाळायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आईची धाकट्या बहिणीबरोबर कित्येक वर्षं शुश्रूषा करायची. तिची हजाराच्या वर पत्रं आज उपलब्ध आहेत. ‘जगाशी संबंध तोडलेली’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिण्याआधी ही पत्रं आठवा. तिने गाठीभेटी कमी केल्या, संवाद थांबवला नाही. मला तर तो लिहिण्यासाठी राखलेला वेळच वाटतो : चाळीस वह्या तिने स्वतःच्या हातांनी शिवल्या होत्या आणि सगळ्या मिळून जवळपास अठराशे कविता लिहिल्या. हयातीत त्यातल्या दहाएकच छापून आल्या, त्याही नावाशिवाय.

आता कानाकडे. हॉस्टेलवर माझी रूममेट नगरच्या ख्रिस्ती घरातली होती. मी ‘बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ’ मोठ्याने म्हणत होते. ती म्हणाली, “अगं, हे तर आमच्या चर्चमधल्या गाण्यांसारखं चाललंय,” आणि तिने ते ‘अमेझिंग ग्रेस’च्या चालीवर म्हणून दाखवलं. चपखल बसलं! कारण दोन्हींत ओळीगणिक सिलेबल्सची (उच्चारघटकांची) मोजणी एकच आहे : आठ, सहा, आठ, सहा. बि-कॉज-आय-कुड-नॉट-स्टॉप-फॉर-डेथ, बोटांवर मोजा. लहानपणापासून चर्चमध्ये ऐकलेल्या आयझॅक वॉट्सच्या भजनांतून हा साचा एमिलीच्या अंगात मुरला होता. नगरला काम उभं करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचं मूळही न्यू इंग्लंडच्या, म्हणजे एमिलीच्याच भागातल्या, काँग्रिगेशनल चर्चच्या परंपरेत आहे. त्यामुळे माझ्या मैत्रिणीच्या कानाला ते ओळखीचं वाटलं यात नवल नाही.

साचा एकदा कानात बसला की तो कुठे मोडतो ते ऐकू येतं, आणि खरा अभ्यास तिथे सुरू होतो. या कवितेत मृत्यू घोडागाडी घेऊन बोलणाऱ्या स्त्रीच्या दारात येतो. शाळेच्या व्याकरणातला चेतनगुणोक्ती अलंकार तुम्ही ओळखालच, पण ‘मृत्यूला माणूस केलं आहे’ एवढ्यावर थांबू नका. कसला माणूस? सभ्य, जराही घाई नसलेला, फिरायला न्यायला आलेल्या पाहुण्यासारखा. गाडीत तिसरी प्रवासी अमरता. ते शाळेवरून जातात, पिकाच्या शेतावरून जातात, मावळत्या सूर्यावरून जातात. चौथं कडवं सुरू होतं आणि ती स्वतःलाच दुरुस्त करते : नाही, सूर्यच आमच्यावरून पुढे गेला. नेमकी इथे मोजणी उलटते. पहिली ओळ आठऐवजी सहाची, दुसरी सहाऐवजी आठची. दव पडतं, थंडी वाजते, तिच्या अंगावर तर तलम जाळीदार कापड. ‘आपण फिरायला निघालेलो नाही’ हे तिला कळतं ती जागा छंद अडखळण्यातून दिसते.

यमकाचंही तसंच. तिसऱ्या कडव्यात ‘रिंग’ आणि ‘सन’ ही जोडी आहे. दोन्ही शब्द नाकातल्या व्यंजनावर संपतात, पण जुळता जुळता राहतात. यालाच स्लँट राइम म्हणतात. तिच्या मृत्यूनंतर 1890 मध्ये मेबल लूमिस टॉड आणि टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या संपादकांनी पहिला संग्रह काढला. त्यांनी मधल्या सुट्टीत रिंगण (‘रिंग’) धरून झटापट करणारी मुलं वगळली आणि धडे जेमतेम संपवून खेळणारी मुलं आणली, म्हणजे ‘डन’ आणि ‘सन’ नीट जुळावं. कवितेला ‘द चॅरियट’ असं नाव दिलं. आणि ते थंडीचं चौथं कडवं चक्क गाळलं. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं.

म्हणून पुस्तक निवडताना काळजी घ्या. इंटरनेटवर फुकट मिळणारा पाठ बरेचदा 1890 च्या दशकातलाच असतो. कवितेला शीर्षक दिसलं आणि तिचे ते ठिकठिकाणचे डॅश कमी दिसले की संशय घ्या. टॉमस जॉन्सनची 1955 ची किंवा आर. डब्ल्यू. फ्रँकलिनची 1998 ची आवृत्ती ग्रंथालयात शोधा. कवितेचा उल्लेख पहिल्या ओळीने करा, क्रमांक दिलात तर आवृत्तीही सांगा, कारण दोघांचे क्रमांक वेगळे आहेत.

डॅशबद्दल विद्यार्थी हमखास ‘मानसिक अस्थिरता’ लिहितात. तसं लिहू नका. डॅशपाशी श्वास घ्या, ओळ पुन्हा म्हणा आणि डॅशच्या अलीकडचा शब्द कोणाला चिकटतो ते बघा, मागच्याला की पुढच्याला. बहुतेक वेळा दोघांनाही.

दुसरी कविता घ्यायची तर ‘आय हर्ड अ फ्लाय बझ’ घ्या. मरणाऱ्या माणसाभोवती सगळे राजाची, म्हणजे देवाची वाट बघतायत आणि येते एक माशी. तिच्या गुणगुणण्याला एमिली ‘निळं’ म्हणते, आवाजाला रंग देते. पहिल्या तिन्ही कडव्यांत यमक अर्धवट जुळतं : ‘रूम’ आणि ‘स्टॉर्म’, ‘फर्म’ आणि ‘रूम’, ‘बी’ आणि ‘फ्लाय’. शेवटच्या कडव्यात खिडक्या विझतात, दिसेनासं होतं, आणि पहिल्यांदाच दोन शब्द पुरते जुळतात : ‘मी’ आणि ‘सी’. हे शब्द वहीत एकाखाली एक लिहा आणि मोठ्याने म्हणा.