शाळेत स्काऊट-गाईड होतात? अमेरिकेतल्या कॉलेजात आल्फा फाय ओमेगाचे सदस्य कसे व्हाल

तृतीय सोपान झाला, राज्य पुरस्काराचं प्रमाणपत्र मिळालं, दहावी संपली आणि स्कार्फ कपाटात गेला. आपल्याकडे बहुतेकांचं स्काऊटिंग इथेच थांबतं. अमेरिकेत शिकायला जात असाल तर ते पुन्हा सुरू करता येतं.

१६ डिसेंबर १९२५ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी, लाफायेट कॉलेजात, नौदलातून आलेल्या फ्रँक रीड हॉर्टन या विद्यार्थ्याने आल्फा फाय ओमेगा ही कॉलेज विद्यार्थ्यांची सेवा-संघटना सुरू केली. स्काऊटचं वचन आणि नियम कॉलेजातही पाळले जावेत, एवढाच हेतू. सुरुवातीला स्काऊट असल्याशिवाय प्रवेश नव्हता. १९६७ मध्ये ती अट गेली, १९७६ मध्ये मुलींनाही सदस्यत्व खुलं झालं. म्हणजे गाईड असलेल्या मुलींनीही बिनधास्त जावं.

पहिलं काम, आपल्या कॉलेजात चॅप्टर, म्हणजे संघटनेची शाखा, आहे का ते पाहणं. सत्र सुरू होताना विद्यार्थी संघटनांचा मेळा भरतो, तिथे त्यांचं टेबल शोधा. ही फ्रॅटर्निटी आहे, म्हणजे अमेरिकी कॉलेजातला विद्यार्थ्यांचा बंधुसंघ; आणि फ्रॅटर्निटी म्हटलं की घरी पार्ट्यांची धास्ती वाटते. आईवडिलांना सांगा, ही सेवेची संघटना आहे. रॅगिंगसारख्या प्रकारांना इथे नियमानेच बंदी आहे.

दुसरं, फॉर्म भरण्याआधी त्यांच्यासोबत एखाद्या सेवाकार्याला जाऊन या. हे मी आग्रहाने सांगतो, कारण माणसं कळतात ती कामातच. गरजूंना अन्न पुरवणाऱ्या फूड बँकेत तीन तास उभं राहून डब्यांवरच्या तारखा तपासायच्या, चेपलेले डबे बाजूला काढायचे, खोकी भरायची. कंटाळा आल्यावरही कोण नीट काम करतं ते बघा.

मग प्लेज म्हणून नाव द्या. हा उमेदवारीचा काळ. संघटनेचा इतिहास शिकायचा, सेवेचे ठरलेले तास भरायचे, जुन्या सदस्यांशी ओळख करून घ्यायची. तास आणि फी चॅप्टरनुसार बदलते, ती आधीच विचारून घ्या. अभ्यास सांभाळून तास जमतील का, याचा हिशेब सत्राच्या सुरुवातीलाच करा. परीक्षेच्या तोंडावर सगळे तास उरकायला गेलात तर दोन्हीकडे ओढाताण होते. स्काऊट नियमही नव्याने वाचा. आपले नऊ आहेत, तिथले बारा.

शेवटी दीक्षाविधी होतो आणि तुम्ही सदस्य होता. आता कामं निवडताना मुलांसाठीची, स्काऊटिंगची कामं मागून घ्या. कॅम्पस, समाज आणि देश यांच्यासोबत हेही त्यांच्या सेवेचं एक क्षेत्र आहे, आणि तुमचा खरा उपयोग तिथेच. दहा वर्षांच्या मुलाची रीफ नॉट पुन्हापुन्हा सुटत असते. शेजारी बसा, दोरी त्याच्याच हातात राहू द्या, आणि सांगा: आधी डावं टोक उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. तिसऱ्या खेपेला गाठ बसते.