फड्या निवडुंग ओळखताना या चुका टाळा

शेताच्या कुंपणाला किंवा पडीक माळावर दिसणारा प्रत्येक फड्या निवडुंग एकाच जातीचा नसतो. ऑपन्शिया इलॅटिअर आणि ऑपन्शिया डिलेनी या दोन्ही जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या असून दोहोंची बोंडे पिकल्यावर जांभळट लाल होतात. म्हणून बोंडाच्या रंगावरून जात ठरवू नये.

काटे पाहावेत, पण ते कोवळ्या फड्यांवरचे. डिलेनीचे काटे पिवळे, चपटसर आणि बरेचदा किंचित वाकलेले असतात, तर इलॅटिअरचे तपकिरी, सरळ आणि सुईसारखे गोल असतात. बुंध्याजवळचे जुने काटे दोन्हींत काळवंडतात आणि तिथेच पाहणाऱ्याची फसगत होते. माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण पुंकेसरांची आहे. सकाळी नुकतेच उमललेले फूल घ्यावे. डिलेनीचे पुंकेसर पाकळ्यांसारखेच पिवळे असतात, इलॅटिअरचे मात्र लालसर असून मधोमध हिरवी कुक्षी (स्त्रीकेसराचे टोक) उठून दिसते. कोमेजत आलेल्या फुलाच्या पाकळ्यांवर विसंबू नये, कारण त्यांचा रंग तोवर बदललेला असतो.

फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की बुरशी समजून बुरशीनाशक फवारले जाते, हीसुद्धा चूकच. काडीने पुंजका चिरडून पाहावा. किरमिजी रस निघाला तर तो कोचिनील किडा आहे. निवडुंगाचा रस शोषणाऱ्या या किड्याच्या एका जातीपासून लाल रंग काढतात. या किड्याच्या बाबतीत जातींची गल्लत पूर्वीही झाली आहे. 1795 मध्ये रंगासाठी म्हणून ब्राझीलमधून भारतात आणलेला किडा खरा रंगाचा नव्हताच. त्याने मोनाकँथा नावाचा तिसराच निवडुंग फस्त केला आणि या दोन जातींना मात्र धक्काही लावला नाही. 1926 मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा कोचिनील किडा आणला गेला, तेव्हा कुठे या दोन निवडुंगांचा फैलाव आटोक्यात आला. कुंपणाचे चार फडे वाचवायचे असतील, तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पुंजके धुऊन काढावेत.

बोंड तोडताना मोठे काटे चुकवले म्हणजे झाले, असे मानू नये, कारण खरा त्रास केसांएवढ्या बारीक कुसळांचा असतो. बोंड चिमट्याने धरून विस्तवावर सगळीकडून फिरवावे, म्हणजे कुसळे जळून जातात. बोटात रुतलीच, तर चोळू नयेत. चिकटपट्टी दाबून उचलावीत.