मोटरहोममधलं जड पाणी: या चुका टाळा

"सॉफ्टनर लावला तरी टीडीएस तेवढाच! फसवलं दुकानदाराने!" हे रडगाणं ऐकून माझे कान किटलेत. (सॉफ्टनर म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं प्रमाण.) पहिल्या वर्षी मीही तेच गायलो होतो, हे आधीच कबूल करतो. अख्खी संध्याकाळ घालवून तीनदा मिठाच्या पाण्याने रेझिन (सॉफ्टनरमधले जडपणा धरून ठेवणारे मणी) धुतलं, खळखळून काढलं, दर वेळी टीडीएस मीटर बुडवला. आकडा हलेना, उलट किंचित चढलेला. शेवटी शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी जडपणा तपासायची पट्टी बुडवून दाखवली. जडपणा शून्य! सॉफ्टनर पहिल्यापासून ठणठणीत होता. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतो. मीटरला काय, विरघळलेलं सगळं सारखंच. तेव्हा मीटर ठेवा खणात आणि पट्ट्या घ्या. जडपणा लिटरला 180 मिलिग्रॅमच्या वर गेला की पाणी फारच जड. मी 120 लाच सॉफ्टनर जोडतो.

कार्बन फिल्टरने जडपणा जात नाही. वास आणि क्लोरीन जातं, बस्स.

गाळाचा फिल्टर सॉफ्टनरच्या आधी लावा. नंतर लावला तर गाळ रेझिनमध्ये बसलाच म्हणून समजा.

टाकी भरताना "वेळ लागतो" म्हणून सॉफ्टनर वगळणारे किंवा नळ पूर्ण सोडणारे तर मला बघवत नाहीत. धो धो पाण्याची रेझिनशी गाठच पडत नाही. धार बारीक ठेवा, तोवर चहा करा.

आता गीझर. पाणी तापलं की क्षार खाली बसतात, म्हणून सगळ्यात जाड थर तिथेच. गरम नळातून पांढरे कण यायला लागले की लोक घाईघाईने ड्रेन प्लग (पाणी काढून टाकायचं बूच) उघडतात, आणि उकळतं पाणी अंगावर! गॅस-वीज बंद करून रात्रभर थांबा. सकाळी आधी पाण्याचा पुरवठा बंद, मग गरम नळ उघडून दाब सोडा, मग प्लग. थर काढायला पांढरं व्हिनेगर पुरतं. मी पाण्यात निम्मं मिसळून काही तास ठेवतो. त्यात ब्लीच मात्र थेंबभरही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

धुऊन झाल्यावर गीझरची टाकी भरायच्या आत बटण दाबलं तर एलिमेंट काही क्षणांत जळतं. माझं एक गेलंय. तेव्हापासून काम सुरू करतानाच स्विचवर चिकटपट्टी लावतो. गरम नळाची धार फसफस न करता सलग येईपर्यंत ती काढत नाही.