ग्रानादात मित्र पाहुणे आले की: दिवस कसा आखावा आणि रात्र कुठे काढावी

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादात राहणाऱ्या माणसाकडे भारतातून मित्र यायचे ठरले की पहिले काम त्यांच्या पासपोर्टचे क्रमांक मागवून घेण्याचे असते. आलाम्ब्राची, म्हणजे टेकडीवरच्या मुस्लिम सुलतानांच्या किल्ल्या-राजवाड्यांची, तिकिटे व्यक्तीच्या नावावर निघतात, हंगामात ती कित्येक आठवडे आधी संपतात, आणि आतल्या नासरी घराण्याच्या राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावरच छापलेली असते. ती वेळ चुकली तर किल्ला आणि बागा पाहता येतात, पण ज्यासाठी एवढा प्रवास केला तो भाग हातचा जातो. त्या दिवशी प्रत्येकाच्या खिशात पासपोर्ट आहे याची खात्री घरातून निघतानाच करावी.

तिकिटाचा प्रश्न मिटला की खरी अडचण पोटाची असते. पाहुण्यांचे पोट पुण्या-मुंबईच्या वेळेवर चालते आणि या शहराचे घड्याळ वेगळे आहे. दुपारचे जेवण दोन ते चार, त्यानंतर बहुतेक स्वयंपाकघरे बंद, आणि रात्रीचे जेवण नऊच्या पुढे. संध्याकाळी साडेसहाला भुकेलेल्या सहा जणांना घेऊन फिरणाऱ्या यजमानाला पर्यटकांसाठीच उघडी ठेवलेली, महाग आणि बेचव ठिकाणे तेवढी सापडतात. म्हणून पहिल्या दिवशी दुपारी भरपेट जेवू घालावे आणि सर्वांना निमूटपणे झोपायला लावावे. वामकुक्षीचे महत्त्व मराठी माणसाला पटवून द्यावे लागत नाही, आणि उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर गेलेला असताना चढाचे रस्ते तुडवण्यात शहाणपणही नाही. ही झोप झाली नाही तर रात्री अकराला, शहर रंगात येत असतानाच, पाहुणे जांभया देऊ लागतात.

आलाम्ब्रासाठी सकाळची वेळ घ्यावी. रात्रीच्या भेटीचे वेगळे तिकीट मिळते आणि दिव्यांच्या मंद उजेडात ते महाल सुंदर दिसतात, पण पहिल्यांदा येणाऱ्याने दिवसाच पाहावे, कारण भिंतींवरची नक्षी वाचायला उजेड लागतो. ‘वाचायला’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. ‘अल्लाहखेरीज कोणीही विजयी नाही’ हे नासरी घराण्याचे ब्रीद भिंतींवर पुन्हा पुन्हा कोरलेले आहे, आणि बारा सिंहांच्या कारंज्यावर तर अख्खी कविताच आहे. मित्रांना इतिहासाचे व्याख्यान देण्यापेक्षा एक आकार दाखवून तो पुढे कुठे कुठे येतो हे शोधायला सांगितले तर ते अधिक रमतात. त्यानंतर त्याच दिवशी खाली उतरून कॅथेड्रलला लागून असलेल्या राजेशाही चॅपेलमध्ये जावे. 2 जानेवारी 1492 रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने ज्यांच्या हाती शहर सोपवले, त्या इसाबेला आणि फर्नांडो यांच्या कबरी तेथे आहेत. वर पराभूतांचे ब्रीद आणि खाली विजेत्यांचे संगमरवर, हे एकाच दिवसात पाहिले की या शहराचा पीळ लक्षात येतो. चॅपेलच्या परिसरात काही बायका रोझमेरीची डहाळी हातात कोंबून भविष्य सांगू लागतात आणि मग पैसे मागतात. डहाळी हातात न घेणे एवढेच पुरते. ज्यांना तिकीट मिळालेच नाही त्यांनीही वर जावे. ग्रानादा म्हणजे डाळिंब, आणि डाळिंबे कोरलेल्या वेशीतून झाडीतल्या वाटेने चढत गेले तर सम्राट पाचव्या कार्लोसचा राजवाडा आणि त्याचा गोल चौक विनामूल्य पाहता येतो.

संध्याकाळ अल्बायसीनची. हा जुना मूरिश, म्हणजे सुलतानांच्या काळातल्या मुस्लिमांचा, मोहल्ला टेकडीवर आहे, गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत आणि पाऊस पडला की त्या निसरड्या होतात. नव्या गुळगुळीत तळव्याच्या चपला घरीच ठेवाव्यात. छोट्या लाल बसने वर जावे आणि पायी उतरावे, उलट करू नये. सान निकोलासच्या सज्जावरून समोर आलाम्ब्रा आणि त्यामागे सिएरा नेवादा ही पर्वतरांग दिसते. मुलासेन हे तिथले सर्वांत उंच शिखर 3,479 मीटरचे आहे. सूर्यास्ताला तेथे इतकी दाटी होते की मित्रांचे फोटो अनोळखी डोक्यांसह निघतात. मी पाहुण्यांना खाली कार्वाखालेसच्या लहानशा चौकात नेतो. दृश्य थोडे कमी, पण बसायला जागा असते.

रात्रीचा मुख्य कार्यक्रम म्हणजे तापास, पेयासोबत खायच्या छोट्या बशा, आणि त्यात ग्रानादाची पद्धत स्पेनच्या बहुतेक शहरांहून निराळी आहे. येथे पेय मागवले की खाण्याची बशी त्याच पैशांत येते. पहिल्या फेरीला एक पदार्थ, दुसऱ्या फेरीला दुसरा, असे वाढत जाते, आणि तीन बारमध्ये एकेक फेरी केली की जेवण होते. एकाच जागी ठाण मांडणे ही नवख्यांची चूक आहे. बिअरचा लहान पेला हवा असेल तर ‘कान्या’ म्हणावे; उन्हाळ्यात लाल वाइन आणि लेमन सोड्याचा ‘तिंतो दे वेरानो’ बरा; न पिणाऱ्यांनी ‘मोस्तो’, म्हणजे द्राक्षाचा गोड रस, किंवा बिनअल्कोहोलची बिअर मागवावी, बशी त्यासोबतही येते. नावास स्ट्रीट प्रसिद्ध आहे आणि त्यामुळेच गजबजलेली. रेआलेखो या जुन्या ज्यू वस्तीतल्या कांपो देल प्रिन्सिपे चौकाच्या आसपास जास्त निवांतपणा मिळतो.

शाकाहारी मित्रांची व्यवस्था मात्र यजमानानेच पाहावी. बशीत काय यायचे ते बहुधा बारवाला ठरवतो, आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर हॅम हे मांस नव्हे अशा भावनेने तो हॅम वाढू शकतो. त्यामुळे मागवण्याआधीच ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ असे तिन्ही सांगावे, म्हणजे मांस, हॅम आणि मासे काहीच नको. वांग्याच्या तळलेल्या कापांवर उसाची काकवी घालून देतात, तो पदार्थ मराठी जिभेला लगेच आवडतो. बटाट्याचे जाड आम्लेट अंडे खाणाऱ्यांना चालते. बारवाला हसला नाही, तुटक बोलला, तर वाईट वाटून घेऊ नये. या कोरड्या तिरकसपणाला ग्रानादाचे लोक स्वतःच ‘मालाफोया’ म्हणतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. पुण्याहून आलेल्यांना तो परका वाटत नाही.

फ्लामेंकोसाठी, म्हणजे इथल्या पारंपरिक गाण्या-नाचासाठी, एक रात्र वेगळी काढावी. साक्रोमोन्ते टेकडीच्या गुहांमध्ये हितानो, म्हणजे स्पेनमधले जिप्सी, पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. 1963 च्या सुमारास अतिवृष्टीने गुहा ढासळल्या आणि अनेक कुटुंबांना शहरात हलवावे लागले. आज तेथे होणारे ‘झांब्रा’, म्हणजे गुहेतले फ्लामेंकोचे कार्यक्रम, बरेचसे पर्यटकांसाठी असतात, तरी चुन्याने रंगवलेल्या गुहेत आपल्यापासून दोन हातांच्या अंतरावर नर्तकीची टाच आपटते तेव्हा त्याचे फारसे वाईट वाटत नाही. गाण्यावर अधिक प्रेम असलेल्यांना अल्बायसीनमधल्या ‘पेन्या ला प्लातेरिया’ या 1949 साली स्थापन झालेल्या रसिक मंडळात न्यावे, तिथला कार्यक्रम आधी विचारून. मित्रांना एवढे सांगून ठेवावे की सोलेआ आणि बुलेरिया हे प्रकार बारा मात्रांच्या आवर्तनात चालतात, पण आघात एकतालासारखे पडत नाहीत, म्हणून सोबत टाळ्या वाजवू नयेत. त्या टाळ्या वाजवणे हे मंचावरच्या कलाकारांचे काम आहे. बैठकीत जशी योग्य जागी दाद निघते तसा ‘ओले’ निघू द्यावा, आणि निघाला नाही तर गप्प बसावे. गायक सुरू झाल्यावर फोन वर धरणे टाळावे.

त्यानंतरची रात्र तरुणांची. 1531 साली स्थापन झालेल्या विद्यापीठामुळे शहर विद्यार्थ्यांनी भरलेले असते, म्हणून सत्रकाळात गुरुवारही शनिवारसारखा जातो आणि उन्हाळी सुटीत तेच बार ओस पडतात. पेद्रो आंतोनियो दे आलार्कोन स्ट्रीटवर विद्यार्थ्यांची गर्दी, तर एल्विरा स्ट्रीटच्या बाजूला लहान, धुरकट दिव्यांचे बार. डिस्कोत रात्री दोनच्या आधी गेल्यास रिकाम्या फरशीवर आपणच नाचावे लागते. नाचायचे नसेल त्यांनी काल्देरेरिया नुएवावरच्या चहाखान्यात पुदिन्याचा चहा घेऊन गप्पा माराव्यात. माझ्या मते चाळिशी ओलांडलेल्या मित्रांसाठी हाच बेत सरस. बाटल्या घेऊन चौकात बसण्याचा मोह टाळावा, कारण आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्या प्रांतात आहे तिथे, ठरावीक जागा सोडून रस्त्यावर दारू पिण्यास बंदी आहे आणि दंड होतो. अल्बायसीनमधून परतताना आवाज खाली ठेवावा. त्या अरुंद गल्ल्यांत एका हाकेने दहा घरे जागी होतात.

जे पहाटेपर्यंत टिकतील त्यांना दाट चॉकलेटमध्ये बुडवून चुरो, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, खाऊ घालावेत. बीब-राम्ब्ला चौकातली उपाहारगृहे यासाठी ओळखली जातात, पण ती कधी उघडतात हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. दोघांत एक वाटणी पुरते, कारण तेलकट चुरो गार झाला की कोणीच खात नाही. आणि दुसऱ्या दिवशीचे कोणतेही तिकीट दुपारी बाराच्या आधीचे काढू नये.