नंदादेवीचा आरोहण-इतिहास कसा वाचावा

नंदादेवीवरील मोहिमांविषयी वाचताना प्रथम नकाशा उघडावा, तारखा नंतर पाहाव्यात. उत्तराखंडातील या ७८१६ मीटर उंच शिखराभोवती पर्वतांचे कडे आहे आणि त्याला एकच अरुंद फट आहे, ती ऋषिगंगेच्या घळीची. म्हणून माथ्यावर कोण पोहोचले, याआधी पायथ्याशी कोण पोहोचले, हे शोधावे. टॉम लाँगस्टाफ यांनी शेजारचे त्रिशूळ १९०७ मध्येच सर केले होते. नंदादेवीच्या अंतर्भागात मात्र १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे आंग थारके, पासांग व कुसांग या शेर्पांसह घळीतून वाट काढत प्रथम उतरले. माझ्या मते खरे कोडे तेव्हाच सुटले. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि नोएल ओडेल (१९२४ मध्ये एव्हरेस्टवर मॅलरी व अर्विन यांना शेवटचे पाहणारे) माथ्यावर पोहोचले, ते याच वाटेने आत शिरून.

पुढे प्रत्येक नोंदीत शिखर कोणते, हे तपासावे. मुख्य शिखर आणि ७४३४ मीटर उंचीचे पूर्व शिखर एका लांब, धारदार कण्याने जोडलेले असून त्यांची सरमिसळ फार होते. १९३९ मधील पोलिश यश पूर्व शिखरावरचे आहे. १९५१ मध्ये हा कणा पार करू पाहणारे रॉजर दुप्ला आणि जिल्बेर विन्य हे फ्रेंच गिर्यारोहक बेपत्ता झाले. त्याच मोहिमेतील तेनसिंग यांनी गाठले तेही पूर्व शिखरच. कणा पार झाला तो १९७६ मध्ये, भारत-जपान संयुक्त मोहिमेत.

‘सर्वांत उंच’ हा शब्दही जपून घ्यावा. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत नंदादेवी हे माणसाने माथा गाठलेले सर्वांत उंच शिखर होते, पण एव्हरेस्टच्या उतारांवर माणसे त्याहून बरीच वर जाऊन आली होती.

शेवटी नोंदींमधील खंड पाहावेत. मुख्य शिखराचे दुसरे आरोहण थेट १९६४ मध्ये, नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मोहिमेत नवांग गोंबू आणि दावा नोर्बू यांनी केले. १९६५ मध्ये चीनवर पाळत ठेवण्यासाठी अणुऊर्जेवर चालणारे उपकरण वर नेण्यात येत होते. हवामान बिघडल्याने ते वाटेतच ठेवावे लागले आणि नंतर सापडले नाही. १९८३ पासून अंतर्भाग गिर्यारोहकांना बंद आहे. त्यामुळे त्यानंतरच्या नोंदींत मिलमच्या बाजूने पूर्व शिखरावर गेलेल्या मोहिमाच अधिक दिसतात, आणि मुख्य शिखराचा दावा आढळल्यास परवानगी कोणाला व कशासाठी मिळाली होती, हे आधी पडताळावे.